बर्फावरील एक अनिर्णित शर्यत



आपल्याकडे बर्फ म्हटलें म्हणजे लाकडाच्या भुशांत गुंडाळलेली लादी, किंवा सरबताच्या पेल्यांतील खडे, एवढेंच चित्र डोळ्यांपुढें येतें. त्याच बर्फावर माणसें उभीं राहतात, इतकेंच नव्हे तर पायांत पोलादी पातीं बांधून घोड्याच्या वेगानें धांवतात, हें मुलांना समजावून सांगतांना माझी नेहमींच तारांबळ उडत असे. भूगोलाच्या तासाला हॉलंडचे गोठलेले कालवे आले, कीं “गुरुजी, पाय घसरत नाहीं काय?” हा प्रश्न ठरलेला. घसरतो, म्हणूनच शर्यत होते, असें उत्तर मी देत असें. आणि तें खरेंहि आहे. धांवणारा जमिनीला मागें ढकलतो, हा बर्फाला बाजूला ढकलतो व घसरत्या पायावर पुढें जातो.

आज ज्या माणसाची हकीकत मी सांगणार आहें त्याचें नांव अर्विंग जॅफी. तो १५ सप्टेंबर १९०६ रोजीं न्यूयॉर्क शहरीं जन्मला. हिंवाळी ऑलिंपिक सामन्यांत त्यानें दोन सुवर्णपदकें मिळविलीं, हें सर्वमान्य आहे. पण त्याआधीं चार वर्षें तो आणखी एक शर्यत धांवला होता. त्या शर्यतींत सर्वांत कमी वेळ त्याचाच होता, आणि तरीहि अधिकृत कागदांत त्या शर्यतीपुढें कोणाचेंच नांव नाहीं. तो जिंकला कीं नाहीं, या प्रश्नानें मला पुष्कळ दिवस पछाडलें आहे.

जॅफीचे आईबाप रशियांतून अमेरिकेंत आलेले ज्यू होते. ज्यू म्हटल्यावर आपल्यापैकीं पुष्कळांना कोंकणपट्टींतील बेने इस्राएल मंडळी आठवतील. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून लोक ज्यांना शनवार तेली म्हणत, ते मराठी बोलणारे लोक आपल्या गांवांतून पिढ्यान्पिढ्या निर्वेधपणें राहत आले. रशियाच्या झारच्या राज्यांत त्यांच्या धर्मबंधूंचें दैव असें नव्हतें. १८८१ सालीं झार दुसरा अलेक्झांडर याचा वध झाला, त्याचें खापर ज्यूंच्या माथीं फोडण्यांत आलें, आणि दक्षिण रशियांत त्यांच्या वस्त्यांवर हल्ल्यांचें सत्र सुरू झालें. पुढच्याच वर्षीं नवे निर्बंध आले. त्यांअन्वयें ज्यूंना खेड्यापाड्यांतून नव्यानें वस्ती करण्यास व जमीनजुमला घेण्यास बंदी झाली. १८८१ पासून १९१४ सालीं पहिलें महायुद्ध पेटेपर्यंत सुमारें वीस लाख ज्यूंनीं पूर्व युरोप सोडला, आणि त्यांतील बहुतेकांनीं अमेरिकेची वाट धरली. आगबोटीच्या तळच्या वर्गांत गुरांसारखा प्रवास, १८९२ पासून न्यूयॉर्क बंदरांतील एलिस बेटावर डॉक्टरांची तपासणी, मग शहराच्या पूर्वभागांतील अंधाऱ्या खोल्या व शिवणकामाचे कारखाने, असा तो क्रम होता. मुंबईच्या गिरणगांवांत ज्यांनीं उमेदीचे दिवस काढले आहेत, त्यांना त्या खोल्यांचें वर्णन मीं करावयास नको.

जॅफी स्वतः अमेरिकेंतच जन्मला, तेव्हां त्याला देशांतर करून आलेला म्हणणें शब्दशः चूक होईल. परंतु ज्या घरांत आईबाप परकी भाषा बोलतात आणि मुलगा रस्त्यावर दुसरी, त्या घरांतील मुलाला आपला देश रोज नव्यानें मिळवावा लागतो. त्यांतून तो काळहि तसाच होता. १९२४ सालीं अमेरिकेनें कायदा करून पूर्व व दक्षिण युरोपांतून येणाऱ्या लोकांच्या संख्येवर कडक मर्यादा घातली. म्हणजे जॅफीचे आईबाप त्या सुमारास निघाले असते तर बहुधा बंदरांत उतरलेच नसते. योगायोगानें त्याच वर्षीं फ्रान्समधील शामोनी येथें पहिले हिंवाळी ऑलिंपिक सामने भरले, आणि तेथलें अगदीं पहिलें सुवर्णपदक चार्ल्स ज्यूट्रॉ या अमेरिकन स्केटरनें ५०० मीटरांच्या शर्यतींत पटकाविलें.

शहरांतल्या गरीब मुलानें स्केटिंगकडे वळावें, हें सहज घडणारें नव्हे. न्यूयॉर्कच्या मुलांचा खेळ बेसबॉल. जॅफीलाहि तोच खेळावयाचा होता, पण शाळेच्या संघांत त्याची वर्णी लागली नाहीं. मग तो बर्फाकडे वळला. नॉर्वे-फिनलंडांतील मुलाला बर्फ दारांतच असतो, त्याला पैसा पडत नाहीं. न्यूयॉर्कमध्यें जमिनीखालील नळ्यांतून अतिशीत खारें पाणी खेळवून बंदिस्त जागेंत बर्फ तयार करीत, आणि आंत जाण्यास तिकीट लागे. जॅफीविषयीं असें सांगतात कीं, अशाच एका स्केटिंगगृहांत बर्फ खरवडून साफ करण्याचें काम त्यानें पत्करलें, तें एवढ्याचसाठीं कीं मोबदल्यांत फुकट स्केटिंग करावयास मिळावें. आपल्याकडे तालमींतील माती उकरून, तींत पाणी व तेल मिसळून, मग वस्तादाकडून दोन डाव शिकून घेणारीं मुलें मीं पाहिलीं आहेत. तेव्हां ही गोष्ट मला अगदीं ओळखीची वाटते.

आतां थोडें शर्यतीच्या नियमांविषयीं सांगितलें पाहिजे. कारण पुढचा सारा तंटा त्यांतूनच निघाला. स्केटिंगच्या शर्यतीच्या दोन पद्धती. युरोपांत, १८९२ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाच्या नियमाप्रमाणें, दोन-दोन स्केटर जोडीनें सुटतात, प्रत्येकाची आपली स्वतंत्र पट्टी असते, आणि दर फेरींत ते पट्टी बदलतात, म्हणजे दोघांना अंतर सारखें पडतें. खरा प्रतिस्पर्धी शेजारचा मनुष्य नव्हेच. घड्याळ हाच प्रतिस्पर्धी. सर्व जोड्या धांवून झाल्यावर वेळांची यादी लावावयाची, व जो सर्वांत वर तो विजेता. त्या काळीं अमेरिकेंत पद्धत निराळी होती. तेथें सगळे एकदम सुटत. घोळक्यांत कोपरास कोपर लागे. पुढच्याच्या पाठीमागें राहून वाऱ्याचा मार चुकवावयाचा आणि शेवटच्या फेरींत झडप घालावयाची. शहरांतील लहान, वळणावळणाच्या रिंगणांत हीच पद्धत सोयीची, आणि जॅफी याच शाळेंत तयार झाला. युरोपियन पद्धतींत दम आणि ताल पाहिजे, अमेरिकन पद्धतींत धूर्तपणा आणि धक्का सोसण्याची तयारी पाहिजे. कोणती श्रेष्ठ, हें मी ठरवीत नाहीं. एकींत मनुष्य एकटा असतो, दुसरींत तो गर्दींत असतो, इतकेंच.

१९२८ सालचे हिंवाळी सामने स्वित्झर्लंडांत सेंट मॉरिट्झ येथें झाले. हें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें सहा हजार फूट उंचीवर आहे. नियम अर्थात् युरोपियन. जॅफी एकवीस वर्षांचा होता. प्रथम ५,००० मीटरांच्या शर्यतींत नॉर्वेचा ईव्हार बालांग्रूड पहिला, फिनलंडचा स्कुट्नाब दुसरा, नॉर्वेचा बर्न्ट इव्हेन्सेन तिसरा आणि हा न्यूयॉर्कचा मुलगा चौथा आला. पदक नाहीं, पण परक्या पद्धतीच्या शर्यतींत, परक्या बर्फावर चौथा क्रमांक ही हलकी गोष्ट नव्हे. मग १४ फेब्रुवारीचा दिवस उजाडला.

आल्प्स पर्वतांत फॉन नांवाचा एक वारा वाहतो. डोंगर ओलांडून खालीं उतरतांना तो कोरडा व उष्ण होतो, आणि भर हिंवाळ्यांत कांहीं तासांत हवेचा नूर पार पालटून टाकतो. त्या दिवशीं सकाळीं पारा शून्याच्या आसपास होता, तो दिवसा २५ अंशांपर्यंत चढला. म्हणजे आपल्याकडील माघांतल्या सकाळीएवढी ऊब! ५० किलोमीटरांच्या बर्फावरील पायपिटीच्या शर्यतींत त्या दिवशीं स्पर्धकांचे अतोनात हाल झाले. त्याच दिवशीं १०,००० मीटर स्केटिंगची शर्यत होती. १०,००० मीटर म्हणजे ४०० मीटरांच्या रिंगणाच्या पंचवीस फेऱ्या, सहा मैलांहून थोडें अधिक अंतर.

पहिल्याच जोडींत जॅफी आणि इव्हेन्सेन एकमेकांसमोर आले. इव्हेन्सेन म्हणजे कोणी सोम्यागोम्या नव्हे. याच सामन्यांत ५०० मीटरांचें सुवर्णपदक त्यानें क्लास थुनबर्ग याच्या बरोबरीनें मिळविलें होतें. शर्यत संपली तेव्हां जॅफीची वेळ १८ मिनिटें ३६.५ सेकंद, आणि इव्हेन्सेनची १८ मिनिटें ३६.६ सेकंद. सेकंदाचा दहावा भाग! मीं त्रैराशिक मांडून पाहिलें: त्या वेगानें दहाव्या भागांत तीन फुटांहून थोडें कमीच, म्हणजे जेमतेम दोन हात अंतर कापलें जातें. सहा मैल धांवून दोन हातांचा फरक.

त्यानंतर आणखी कांहीं जोड्या धांवल्या. जॅफीची वेळ कोणाकडूनहि मोडली गेली नाहीं. पण तिकडे बर्फाचें पाणी होऊं लागलें, रिंगण खचूं लागलें, आणि सर्व स्पर्धक धांवून होण्यापूर्वींच मुख्य पंचानें शर्यत बंद करून ती संपूर्ण रद्द ठरविली. झालेल्या वेळाहि रद्द. अमेरिकन लोकांनीं अर्थातच हरकत घेतली. ऑलिंपिक समितीनें जॅफीच्या बाजूनें कौल दिला. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघानें तो फिरविला व पंचाचा निर्णय कायम केला. पुन्हां शर्यत घ्यावी, तर स्पर्धक पांगूं लागलेले. ती शर्यत पुन्हां झाली नाहीं, तिचें पदक कोणाला दिलें गेलें नाहीं. या साऱ्या गडबडींत एक मनुष्य सरळ बोलला, तो म्हणजे इव्हेन्सेन. त्यानें जाहीरपणें सांगितलें कीं सुवर्णपदक जॅफीलाच मिळावयास पाहिजे.

पंचाचें चुकलें काय? अमेरिकन लेखकांनीं त्याला पुष्कळ शिव्याशाप दिले आहेत. मला तसें करवत नाहीं. घड्याळाच्या शर्यतींत सर्वांना सारखा बर्फ मिळाला पाहिजे, हा मूळ करार आहे. पहिल्या जोडीला घट्ट बर्फ मिळाला आणि शेवटच्या जोडीला चिखल, तर वेळांची तुलना कशी करावयाची? पण याला दुसरी बाजूहि आहे. उन्हाळी असो कीं हिंवाळी, सकाळीं धांवणारा व दुपारीं धांवणारा यांना तंतोतंत सारखी जागा कधींच मिळत नाहीं. तरीहि एरवीं निकाल लागतात. आणि इव्हेन्सेन तर त्याच क्षणीं, त्याच बर्फावर, शेजारच्या पट्टींत होता! त्या दोघांपुरता तरी निकाल लागला होता, आणि हरलेल्यानें तो कबूल केला होता.

येथें माझी एक आठवण सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मी नोकरींत असतांना तालुक्याच्या क्रीडास्पर्धेंत घड्याळ धरण्याचें काम माझ्याकडे असे. एका वर्षीं ऊसतोडीला आलेल्या टोळींतील एक मुलगा हंगामापुरता आमच्या शाळेंत दाखल झाला होता. पायांत चपला नाहींत. पण पंधराशें मीटरांच्या गटांत त्याची वेळ सर्वांहून चांगली आली. दुसरा गट सुटण्याच्या आधींच अवकाळी पाऊस कोसळला, मैदानाचा चिखल झाला, आणि शर्यत पुढच्या आठवड्यावर ढकलली. रद्दपत्रावर घड्याळवाला म्हणून माझीहि सही आहे. पुढच्या आठवड्यांत टोळी दुसऱ्या कारखान्याच्या रानांत गेली होती. नियमाप्रमाणें आम्ही बरोबर होतों. परंतु त्याची वेळ कागदाच्या एका कोपऱ्यांत लिहून ठेवण्यास कोणता नियम आड येत होता, हें मला आजतागाईत कोणी सांगितलेलें नाहीं.

असो. पुढचे हिंवाळी सामने ४ फेब्रुवारी १९३२ पासून अमेरिकेंतच, न्यूयॉर्क राज्यांतील लेक प्लॅसिड या लहानशा गांवीं भरले. जगभर मंदीचें संकट पसरलेलें. युरोपांतून समुद्र ओलांडून संघ पाठविणें अनेक देशांना परवडेना, आणि अवघीं १७ राष्ट्रें जमलीं. उद्घाटन त्या वेळचे न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनीं केलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ते राष्ट्राध्यक्ष निवडून आले. यजमानांनीं स्केटिंगच्या शर्यती अमेरिकन पद्धतीनें, म्हणजे घोळक्यानें, घेण्याचें ठरविलें. यावरून युरोपांत रोष झाला. फिनलंडच्या थुनबर्गनें १९२४ व १९२८ मिळून पांच सुवर्णपदकें जिंकलीं होतीं. तो या नियमांखालीं धांवावयास आलाच नाहीं.

५,००० मीटरांची अंतिम शर्यत पहिल्याच दिवशीं झाली. जॅफी ९ मिनिटें ४०.८ सेकंदांत पहिला आला. दुसरा एडी मर्फी हा अमेरिकनच, आणि तिसरा कॅनडाचा विली लोगन. १०,००० मीटरांच्या प्राथमिक फेऱ्यांत मात्र पुन्हां वाद उपस्थित झाला. प्रत्येकानें कांहीं काळ पुढें राहून वेग राखण्याचा आपला वाटा उचलला पाहिजे, असा एक नियम होता. दुसऱ्याच्या पाठीमागें दडून राहिल्याबद्दल कोणाला बाद करावयाचें यावरून इतका गोंधळ झाला, कीं त्या फेऱ्या पुन्हां घ्याव्या लागल्या. आणि गंमत अशी कीं, दुसऱ्या खेपेसहि तेच आठ जण अंतिम शर्यतीस पात्र ठरले. ८ फेब्रुवारीला अंतिम शर्यत झाली. पंचवीस फेऱ्या एकमेकांवर डोळा ठेवून सगळे घोळक्यानें फिरत राहिले, आणि शेवटच्या धांवेंत जॅफीनें बाजी मारली. वेळ १९ मिनिटें १३.६ सेकंद. दुसरा आला बालांग्रूड. तिसरा कॅनडाचा फ्रँक स्टॅक. स्केटिंगच्या चारही शर्यतींतील सुवर्णपदकें अमेरिकेस मिळालीं. ५०० आणि १,५०० मीटरांचीं लेक प्लॅसिडच्याच जॅक शे यानें घेतलीं, आणि उरलेलीं दोन जॅफीनें. एकंदर बारा पदकांपैकीं युरोपच्या वांट्याला अवघीं दोन आलीं.

टीकाकार म्हणतात, हा घरच्या नियमांचा विजय. त्यांच्या बाजूनें आंकडेहि आहेत. जॅफीची १९३२ ची १०,००० मीटरांची वेळ ही त्याच्याच सेंट मॉरिट्झच्या वेळेहून ३७ सेकंदांनीं अधिक आहे. ५,००० मीटरांची वेळ तर बालांग्रूडच्या १९२८ च्या वेळेहून ५० सेकंदांनीं अधिक. म्हणजे हे लोक धांवत नव्हते, दबा धरून बसले होते. त्यानंतर लगेच त्याच लेक प्लॅसिडच्या बर्फावर जागतिक अजिंक्यपदाचे सामने युरोपियन नियमांनीं झाले, आणि ते जिंकले बालांग्रूडनें. १९३६ सालीं जर्मनींतील गार्मिश येथें पुन्हां जोडीजोडीची पद्धत आली, तेव्हां त्याच बालांग्रूडनें तीन सुवर्णपदकें घेतलीं. तेव्हां तो त्या पिढींतील थोर स्केटर होता, यांत मला शंका नाहीं.

पण टीकाकार एक गोष्ट विसरतात. जॅफी फक्त घोळक्यांतलाच स्केटर असता, तर सेंट मॉरिट्झला घड्याळासमोर त्याची त्रेधा उडावयास पाहिजे होती. तेथें ना दडावयास कोणाची पाठ होती, ना घरचे प्रेक्षक. जेथें नियम परके होते तेथें बर्फ वितळला, आणि जेथें बर्फ टिकला तेथें नियम घरचे निघाले. म्हणून दोन्हीं वेळीं त्याच्या नांवापुढें लोकांनीं प्रश्नचिन्ह काढलें. १९२८ च्या शर्यतीनें १९३२ च्या पदकांची साक्ष द्यावी, तर ती शर्यत झालीच नाहीं, असें कागद म्हणतो! म्हणूनच तो रद्द झालेला निकाल मला पदकाहून अधिक मोलाचा वाटतो. पदक न देणें एक वेळ समजूं शकतें. झालेली गोष्ट झालीच नाहीं असें लिहिणें हें समजत नाहीं. वेळा नोंदवून ठेवून विजेतेपद राखून ठेवतां आलें असतें.

त्या दोन खऱ्या पदकांचें काय झालें, तें थोडक्यांत सांगतों. लेक प्लॅसिडहून परतल्यावरहि मंदी होतीच. हौशी खेळाडूस खेळावर पैसा मिळविण्याची बंदी, घरांत चणचण. जॅफीनें निरनिराळ्या शर्यतींत मिळविलेलीं चारशेंहून अधिक पदकें गहाण टाकलीं, आणि त्यांत ऑलिंपिकचीं दोन्हीं सुवर्णपदकें होतीं. पुढें सोडवून आणावयास गेला, तर तें दुकानच राहिलें नव्हतें. पदकें पुन्हां त्याच्या हातीं लागलीं नाहींत. ज्या घरांत सणाच्या आधीं पाटल्या पेढीवर जातात व सण उलटून गेल्यावरहि परत येत नाहींत, त्या घरांतील माणसांना याचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाहीं.

पुढें न्यूयॉर्कच्या उत्तरेस कॅट्सकिल डोंगरांत ग्रॉसिंगर नांवाच्या विश्रांतिगृहांत त्यानें हिंवाळी खेळांच्या व्यवस्थापकाची नोकरी धरली. हें विश्रांतिगृह एका ज्यू कुटुंबाचें होतें, आणि अन्य हॉटेलांतून ज्यांना दार बंद असे असे शहरांतील पुष्कळ ज्यू लोक सुटींत तेथें येत. आईबापांप्रमाणेंच शिवणकामाच्या कारखान्यांत जन्म काढलेल्या कुटुंबांतील मंडळी आतां चार पैसे राखून बर्फावर पाय ठेवावयास येत होती, आणि त्यांना उभें राहावयास शिकविणारा मनुष्य दोन ऑलिंपिक शर्यतींचा विजेता होता. तेथेंच १९३४ सालीं तो २५ मैल स्केटिंग करून १ तास २६ मिनिटांत आला. त्या अंतराचा तो त्या वेळीं जागतिक विक्रम होता.

बर्न्ट इव्हेन्सेन आणि जॅफी यांची १९२८ नंतर लेक प्लॅसिडला पुन्हां गांठ पडली. इव्हेन्सेनला तेथें ५०० मीटरांत दुसरा क्रमांक मिळाला. जॅफी २० मार्च १९८१ रोजीं कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो शहरीं वारला. तें शहर समुद्रकांठीं आहे, आणि तेथें हिंवाळ्यांतहि तळीं गोठत नाहींत.